डाकसूची मतपेटी आणि बिनपक्षी पोरं

बरिशाल, रंगपूर, कुमिल्ल्याकडून ढाका विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलापुढे पहिला प्रश्न उभा राही तो झोपायचं कुठे याचा. वसतिगृहांना तिथे हॉल म्हणतात. कागदोपत्री हॉलचा कारभार प्रोव्होस्टकडे. पण मुलांच्या हॉलमध्ये कुणाला कुठली खोली, कुणाला पलंग आणि कुणाला जमीन, हे सत्तेवर असलेल्या पक्षाच्या विद्यार्थी शाखेतली थोरली मंडळी ठरवत. नवा मुलगा आला की त्याची रवानगी ‘गणरूम’मध्ये होई. चार-सहा जणांसाठी बांधलेल्या खोलीत वीस-पंचवीस पोरं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलेल्या गाद्या. या जागेची किंमत पैशात मोजावी लागत नसे. पक्षाच्या मोर्चाला जायचं, कॅम्पसवरच्या मधुर कँटीनसमोर नेत्यामागे उभं राहायचं आणि रात्री हॉलच्या ‘गेस्टरूम’मध्ये हजेरी लावायची. मोर्चाला दांडी कुणी मारली, सीनियरला सलाम कुणी केला नाही, फेसबुकवर कुणी काय लिहिलं, याचा जाब तिथे विचारला जाई. शिव्या आणि चापट्या नेहमीच्याच, पुष्कळदा त्याहून वाईट. ज्याला हे सोसत नसे त्याने गादी गुंडाळायची आणि बाहेर पडायचं.

ही रीत कुणा एका पक्षाची नव्हती. ढाक्यात बीएनपीचं सरकार असलं की हॉलवर छात्र दलाचं राज्य, अवामी लीगचं असलं की छात्र लीगचं. सरकार बदललं की दोन-चार दिवसांत हॉलचे मालक बदलत, आणि गणरूममधली पोरं दुसऱ्या झेंड्यामागे चालू लागत.

या विद्यापीठातल्या बिनपक्षी विद्यार्थी गटांची कहाणी सांगायची तर या गाद्यांपासूनच सुरुवात करायला हवी. कारण पक्षाशिवाय उभं राहण्याची हिंमत आधी त्यांनीच केली, ज्यांचा पलंग पक्षाच्या हातात नव्हता. मुलींच्या हॉलमध्ये जागावाटपावरची पक्षाची पकड मुलांच्या हॉलइतकी घट्ट कधीच नव्हती. शहरात घर असलेल्या किंवा मेसमध्ये राहणाऱ्या मुलांना गेस्टरूमची भीती नव्हती. २००२ पासूनची वर्षं पाहिली तर बंडाची पहिली हाक पुन्हापुन्हा याच बाजूने आलेली दिसते.

विद्यापीठ १९२१ साली सुरू झालं आणि पाठोपाठ विद्यार्थी संसदही आली. १९५३ पासून तिचं नाव ढाका युनिव्हर्सिटी सेंट्रल स्टुडंट्स युनियन, म्हणजे डाकसू. कुलगुरू तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, म्हणून विद्यार्थ्यांनी निवडून द्यायचं सर्वांत वरचं पद उपाध्यक्षाचं. सगळा देश त्याला ‘व्हीपी’ म्हणून ओळखतो. त्याखाली जीएस म्हणजे सरचिटणीस आणि एजीएस म्हणजे सहसरचिटणीस. २ मार्च १९७१ रोजी कला शाखेच्या इमारतीसमोर स्वतंत्र बांगलादेशाचा झेंडा पहिल्यांदा फडकला तो डाकसूचे व्हीपी आ. स. म. अब्दुर रब यांच्या हातून. १९९० च्या हिवाळ्यात जनरल इर्शाद यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या सर्वपक्षीय छात्र ऐक्यातही डाकसूचे पदाधिकारी आघाडीवर होते. त्या वर्षीच्या ६ जूनला झालेल्या मतदानात अमानुल्लाह अमान व्हीपी आणि खैरुल कबीर खोकन जीएस झाले होते. दोघेही छात्र दलाचे.

आणि तिथे साखळी तुटली. झियाउर रहमान आणि इर्शाद या दोन लष्करी राज्यकर्त्यांच्या काळात डाकसूची मतदानं पाच वेळा झाली होती. लोकांनी निवडून दिलेली सरकारं आली आणि पुढची २८ वर्षं एकदाही झालं नाही. १९७३ च्या विद्यापीठ आदेशानुसार सिनेटवर विद्यार्थ्यांचे पाच प्रतिनिधी असायला हवेत. निवडणूकच नाही म्हटल्यावर त्या जागा रिकाम्या राहिल्या. वेळापत्रकं जाहीर व्हायची आणि बारगळायची. कारण उघड होतं. ज्या संघटनेच्या ताब्यात हॉल आहेत तिला मतपेटी नको होती, आणि जी बाहेर फेकली गेली आहे तिला सरकार बदलण्याची वाट पाहणं सोपं वाटत होतं. प्राध्यापकांच्या गटांनाही पक्षांचे रंग होते. कुलगुरूंची नेमणूक वरून व्हायची. विद्यार्थ्यांचं मत मोजायला कुणालाच घाई नव्हती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. मुंबईत १९८९ मध्ये कॉलेजच्या निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणपत्रिका बघून प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्यात मतदान परत आणण्याची तरतूद झाली, ती वर्षानुवर्षं कागदावरच राहिली. आपल्याकडे दार कायद्याने लागलं. ढाक्यात कायदा दार उघडं ठेवा म्हणत होता आणि तरी ते बंद होतं. हे मला जास्त गंभीर वाटतं, कारण कायदा बदलून घेता येतो, पण पाळायचाच नाही असं ठरवलेल्यांपुढे विद्यार्थ्याला रस्त्यावर उतरण्यावाचून काही उरत नाही.

ते उतरले, आणि आधी मुलीच उतरल्या. २३ जुलै २००२ च्या मध्यरात्री पोलीस शमसुन्नाहार हॉलमध्ये घुसले. मुलींचं वसतिगृह, रात्रीची वेळ, आणि मुलींना मारझोड करून ठाण्यात नेण्यात आलं. दुसऱ्या दिवसापासून जे आंदोलन पेटलं त्यात डाव्या संघटनांचे कार्यकर्ते होते, पण अंगावर घेतलं ते कुठल्याच संघटनेत नसलेल्या मुलींनी. काही दिवसांत कुलगुरू अनवारुल्लाह चौधुरी यांना राजीनामा द्यावा लागला. डाकसू नाही, व्हीपी नाही, निधी नाही, तरी कुलगुरू जाऊ शकतात हे त्या वेळी कळलं. मात्र आंदोलन संपलं आणि ज्या त्या आपापल्या परीक्षांना बसल्या. हॉलची व्यवस्था होती तशीच राहिली.

त्यानंतरची मोठी लाट आली ती नोकरीच्या प्रश्नावर. बांगलादेशच्या सरकारी नोकऱ्यांत ५६ टक्के जागा राखीव होत्या: ३० टक्के मुक्तियोद्ध्यांच्या, म्हणजे १९७१ च्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांच्या वारसांना, १० महिलांना, १० मागास जिल्ह्यांना, ५ आदिवासी समूहांना आणि १ अपंगांना. मुक्तियोद्ध्यांचा कोटा १९७२ मध्ये त्यांच्या स्वतःसाठी होता, पुढे मुलांना आणि मग नातवंडांनाही लागू झाला. बीसीएस या सरकारी सेवेच्या परीक्षेसाठी मध्यवर्ती ग्रंथालयाच्या दारात पहाटेपासून रांग लावणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत हे सलत होतं. महाराष्ट्रात एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांनी भरलेल्या पुण्यातल्या अभ्यासिका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या रांगेतला ताण लगेच समजेल. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जातीच्या अन्यायावर उतारा म्हणून आलेलं आपलं आरक्षण आणि सत्ताधारी पक्षाच्या लोकांपर्यंत नोकऱ्या पोचवण्याचा मार्ग बनल्याचा आरोप असलेला तो कोटा, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. ढाक्यातल्या मुलांचीही मागणी सुरुवातीला कोटा रद्द करण्याची नव्हती, तो कमी करण्याची होती.

फेब्रुवारी २०१८ मध्ये जे व्यासपीठ उभं राहिलं त्याचं नाव होतं ‘बांगलादेश साधारण छात्र अधिकार संरक्षण परिषद’. घटना नाही, कचेरी नाही. एक निमंत्रक आणि बरेच सहनिमंत्रक, म्हणजे एकाला उचललं तरी दुसरा बोलायला उरेल. निरोपानिरोपी फेसबुकच्या गटांतून. आपल्यावर पाकिस्तानवादी असा शिक्का मारला जाईल हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मोर्चात ते राष्ट्रध्वज आणि शेख मुजीबुर रहमान यांची छायाचित्रं घेऊन चालत. ८ एप्रिलला शाहबाग चौकात पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली. त्या मध्यरात्री मुलींच्या हॉलची दारं उघडली गेली आणि हजारो मुली रस्त्यावर आल्या. त्याच रात्री कुलगुरूंच्या निवासस्थानाची मोडतोड झाली. तीन दिवसांनी पंतप्रधान शेख हसीना संसदेत म्हणाल्या की कोटाच नको. प्रत्यक्ष परिपत्रक निघायला ऑक्टोबर उजाडला, आणि मधल्या काळात या मुलांनी फार मार खाल्ला.

सहनिमंत्रकांत नुरुल हक नूर होता. पटुआखाली जिल्ह्यातल्या गलाचिपाचा, इंग्रजी विभागाचा विद्यार्थी, मोहसिन हॉलमध्ये राहणारा. एकेकाळी तो स्वतः छात्र लीगच्या हॉल समितीत होता. ३० जून २०१८ रोजी ग्रंथालयासमोर पत्रकार परिषद सुरू होण्याआधीच त्याला घेरून लाथाबुक्क्यांनी तुडवण्यात आलं. खाली पडलेल्या नूरने एका प्राध्यापकांचे पाय धरले आणि त्या शिक्षकांनी त्याला आपल्या आडोशाला घेतलं. ते दृश्य देशभर पोचलं. दुसऱ्या दिवशी त्याचा साथीदार राशेद खान अटकेत गेला. राजशाहीत एका विद्यार्थ्याचा पाय हातोड्याने मोडला.

डाकसूची मागणी याच्या समांतर चालली होती. विद्यापीठाचे कुलपती म्हणून राष्ट्रपती अब्दुल हमीद यांनी मार्च २०१७ च्या पदवीदान समारंभात डाकसूची निवडणूक झालीच पाहिजे असं सांगितलं होतं. वर्षाच्या अखेरीला एक विद्यार्थी याच मागणीसाठी कुलगुरूंच्या बंगल्यासमोर उपोषणाला बसला. जानेवारी २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत निवडणूक घ्या असा आदेश दिला. अपिलं, स्थगिती, असं होत होत तारीख ठरली ११ मार्च २०१९.

त्या आधीच्या ऑक्टोबरातली एक घटना सांगायलाच हवी, कारण मतदार कशाला भुलला आणि कशाला भुलला नाही ते तिच्यातून दिसतं. ‘घ’ गटाच्या प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली होती. विद्यापीठाने तरीही निकाल लावला. कायद्याचा एक विद्यार्थी, अख्तर हुसेन, राजू स्मारक शिल्पापाशी एकटाच उपोषणाला बसला. हे शिल्प मोईन हुसेन राजू या विद्यार्थ्याच्या नावाचं. १९९२ मध्ये कॅम्पसवरच्या गुंडगिरीविरुद्ध मोर्चा काढताना तो गोळीला बळी पडला होता. अख्तरच्या मागे मोर्चा नव्हता, घोषणा नव्हत्या. हळूहळू मुलं येऊन बसू लागली, आणि शेवटी विद्यापीठाला उत्तीर्ण ठरलेल्या अठरा हजारांहून जास्त मुलांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. पाच महिन्यांनी हाच मुलगा डाकसूच्या समाजसेवा सचिवपदासाठी उभा राहिला.

निवडणुकीचे नियम ठरत होते तेव्हा छात्र लीग सोडून सगळ्यांनी एक मागणी लावून धरली: मतदान हॉलमध्ये नको, वर्ग भरतात त्या इमारतींमध्ये घ्या. मागणीमागचं कारण कुठल्याही गणरूममधल्या पोराने सांगितलं असतं. ज्या इमारतीत रात्री जाब द्यावा लागतो त्याच इमारतीत सकाळी मत टाकायचं? प्रशासनाने ऐकलं नाही. पेट्या पारदर्शक हव्यात हेही मान्य झालं नाही. मतपत्रिका आदल्या रात्रीच हॉलमध्ये पोचल्या. सुमारे ४३ हजार मतदार, १८ हॉल, डाकसूच्या २५ जागा, शिवाय प्रत्येक हॉलच्या संसदेच्या १३.

मतदान सकाळी आठला सुरू व्हायचं होतं. बांगलादेश-कुवेत मैत्री हॉलमध्ये, जो मुलींचा आहे, पहाटेच रांग लागली होती. मुलींनी आग्रह धरला की मतदानाआधी पेटी उघडून दाखवा. टाळाटाळ झाली तेव्हा त्यांनी स्वतःच शोधाशोध केली आणि एका खोलीतून आधीच शिक्के मारलेल्या मतपत्रिकांचं पोतं बाहेर ओढलं. त्या कागदांवरचे शिक्के छात्र लीगच्या उमेदवारांपुढे होते. मुलींनी मतपत्रिका हातात धरून कॅमेऱ्यांसमोर फडकावल्या. मतदान थांबलं, प्रोव्होस्टना पदावरून दूर करण्यात आलं, आणि अकरानंतर नव्याने मतदान सुरू झालं. रोकेया हॉलमध्येही मतपत्रिका ठेवलेल्या ट्रंकांवरून गदारोळ झाला, तिथे गेलेल्या नूरला मारहाण झाली. मुलांच्या हॉलमधल्या तक्रारी वेगळ्या होत्या: रांगेत छात्र लीगचे कार्यकर्ते तासन्तास उभे, पुढे सरकतच नाहीत, आणि बाहेरून आलेला मतदार कंटाळून परत जातो. दुपारी एकच्या सुमारास छात्र लीग वगळता बाकी सगळ्या आघाड्यांनी बहिष्कार जाहीर केला. त्यात नूरची परिषद होती, डावे होते, छात्र दल होतं, स्वतंत्र जोट नावाची आणखी एक बिनपक्षी आघाडीही होती.

बहिष्कार जाहीर झाला तेव्हा पेट्यांमध्ये मतं पडून गेली होती. रात्री उशिरा, १२ मार्चच्या पहाटे साडेतीनच्या आसपास, सिनेट भवनात कुलगुरू मोहम्मद अख्तरुज्जमान यांनी निकाल वाचला. व्हीपी: नुरुल हक नूर, ११,०६२ मतं. छात्र लीगचे राष्ट्रीय अध्यक्ष रेजवानुल हक चौधुरी शोभन, ९,१२९. सभागृहात छात्र लीगच्या कार्यकर्त्यांनी आरडाओरडा सुरू केला.

आकडे नीट पाहिले की मतदाराची समज दिसते. जीएसच्या जागेवर छात्र लीगचे गोलाम रब्बानी १०,४८४ मतांनी निवडून आले. नूरच्या आघाडीचा राशेद खान ६,०६३ वर थांबला, कारण तिथे आणखी एक तगडा स्वतंत्र उमेदवार उभा होता आणि बिनपक्षी मतं फुटली. एजीएसच्या जागेवर छात्र लीगच्याच सद्दाम हुसेन यांना तब्बल १५,३०१ मतं पडली. म्हणजे आपल्याच मुलाला पंधरा हजार मतं देणाऱ्यांतल्या हजारोंनी आपल्याच राष्ट्रीय अध्यक्षाला मत नाकारलं. समाजसेवा सचिव म्हणून अख्तर हुसेन ९,१९० मतांनी आला. डाकसूच्या २५ पैकी २३ जागा छात्र लीगने घेतल्या, पण मुलींच्या पाच हॉलपैकी बहुतेकांत व्हीपी म्हणून स्वतंत्र उमेदवार निवडून आल्या. मैत्री हॉलमधलं पोतं सापडलं म्हणून कळलं. इतर हॉलमध्ये काय झालं असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. माझं मत असं की त्या दिवशी मुलींच्या हॉलमध्ये जे मतदान झालं तेच विद्यापीठाचं खरं मत होतं.

नूरचं पुढचं वर्ष मला क्लेशकारक वाटतं. निकालानंतर पाच दिवसांच्या आत निवडून आलेल्या सगळ्यांना पंतप्रधानांनी गणभवनात बोलावलं. नूर तिथे गेला, शेख हसीनांच्या पाया पडला, लहानपणी वारलेल्या आपल्या आईची छबी त्यांच्यात दिसते असं म्हणाला. बाहेर त्याच्यावर सडकून टीका झाली. पण आठवडाभरातच डाकसूच्या पहिल्या बैठकीत पंतप्रधानांना आजीव सदस्यत्व देण्याचा ठराव आला तेव्हा विरोध करणारे दोघेच होते, नूर आणि अख्तर. तेवीस विरुद्ध दोन, अशा संसदेत व्हीपी काय करू शकतो? मार मात्र खाऊ शकतो. बोगुऱ्यात, स्वतःच्या जिल्ह्यात, ढाक्यात, तो खातच राहिला. डिसेंबरमध्ये त्याने भारतातल्या नागरिकत्व कायद्याविरुद्ध आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांना पाठिंबा देणारी सभा घेतली. त्या सभेवर हल्ला झाला, आणि २२ डिसेंबरला तर थेट डाकसू भवनातल्या व्हीपीच्या खोलीत शिरून, दिवे घालवून, त्याला आणि त्याच्याबरोबरच्या वीसहून अधिक जणांना झोडपून काढलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात खंडणीच्या आरोपांवरून शोभन आणि रब्बानी यांना छात्र लीगच्या पदांवरून जावं लागलं होतं. ऑक्टोबरात शेजारच्या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या हॉलमध्ये अबरार फहाद या विद्यार्थ्याला, फेसबुकवरच्या लिखाणावरून, छात्र लीगच्या मुलांनी रात्रभर मारून ठार केलं होतं. गेस्टरूम कुठवर जाऊ शकते ते त्या रात्री देशाने पाहिलं. २०२० च्या जूनमध्ये डाकसूची मुदत संपली आणि पुन्हा निवडणुकीचं नाव कुणी काढलं नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये नूरने गण अधिकार परिषद नावाचा पक्ष काढला. मला त्याला दोष देववत नाही. बिनपक्षी गट म्हणजे एका प्रश्नावर जमलेली माणसं. प्रश्न सुटला किंवा विझला की पांगतात, आणि पुढाऱ्याच्या पाठीवर पडणारी काठी मात्र पांगत नाही. पक्ष काढला की निदान वकील तरी मिळतो. पण त्याचे तरुण सहकारी हे मानायला तयार नव्हते. २०२३ मध्ये ते बाहेर पडले आणि ४ ऑक्टोबरला त्यांनी ‘गणतांत्रिक छात्र शक्ती’ स्थापन केली: कुठल्याही पक्षाची शाखा नसलेली संघटना. निमंत्रक अख्तर हुसेन, सदस्य सचिव नाहिद इस्लाम. नाहिद २०१९ मध्ये नूरच्याच आघाडीतून डाकसूला उभा राहून हरला होता. संघटना इतकी लहान होती की तिच्या मोर्चात ओळीने उभे राहिले तर नावं सांगता यावीत.

५ जून २०२४ रोजी उच्च न्यायालयाने जुना कोटा परत आणला, आणि या मूठभर मुलांकडे पाच वर्षांचा अनुभव तयार होता. १ जुलैपासून ‘वैषम्यविरोधी छात्र आंदोलन’ या नावाने ते रस्त्यावर आले. पुढारी म्हणायचं नाही, समन्वयक म्हणायचं. ८ जुलैला ६५ जणांची यादी जाहीर झाली, म्हणजे २०१८ चीच युक्ती मोठ्या मापाने. १४ जुलैला पंतप्रधानांनी पत्रकार परिषदेत आंदोलकांच्या संदर्भात ‘रजाकारांची नातवंडं’ असे शब्द काढले. तिथे रजाकार म्हणजे १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याला साथ देणारे. त्या रात्री मुलींनी पुन्हा हॉलची कुलुपं फोडली. १५ ला छात्र लीगने मुलामुलींना लाठ्यांनी मारलं. १६ ला रंगपूरमध्ये हात पसरून उभ्या असलेल्या अबू सईद या विद्यार्थ्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. पुढचा इतिहास जगाला माहीत आहे. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून भारतात आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजानुसार त्या आठवड्यांत सुमारे १,४०० माणसं मारली गेली असावीत.

मला मात्र सगळ्यात जास्त १६ आणि १७ जुलैच्या मधली रात्र महत्त्वाची वाटते. रोकेया हॉलच्या मुलींनी छात्र लीगच्या पदाधिकाऱ्यांना हॉलबाहेर काढलं, आणि मग प्रोव्होस्टना गाठून एका कागदावर सही घेतली: या हॉलमध्ये यापुढे पक्षीय राजकारण चालणार नाही. सकाळपर्यंत असे कागद हॉलाहॉलांत फिरत होते. मुलांच्या हॉलमध्येही सह्या झाल्या. छात्र लीगच्या नेत्यांच्या एकट्याने वापरायच्या खोल्या फोडल्या गेल्या. ज्या गादीवरून हे सगळं चालत आलं होतं तिचा हिशेब सरकार पडण्याच्या एकोणीस दिवस आधी मिटला होता.

त्या कागदाने सगळं स्वच्छ झालं असं म्हणणं खोटं ठरेल. १८ सप्टेंबर २०२४ रोजी फजलुल हक मुस्लिम हॉलमध्ये मानसिक आजार असलेल्या एका माणसाला विद्यार्थ्यांनी चोर समजून, जेवायला घालून, मग मरेपर्यंत मारलं. त्या हॉलवर तेव्हा कुठल्याच पक्षाची सत्ता नव्हती. दुसऱ्या दिवशी सिंडिकेटने विद्यापीठात राजकारणावर बंदी घातली. त्यानंतर दोन दिवसांनी इस्लामी छात्र शिबिर या धार्मिक राजकारण करणाऱ्या संघटनेच्या विद्यापीठ शाखेचा अध्यक्ष आपण असल्याचं सादिक कायेम याने जाहीर केलं. आंदोलनाच्या दिवसांत समन्वयकांबरोबर वावरलेला हा मुलगा तोवर अनेकांना साधा विद्यार्थी म्हणूनच माहीत होता. इतकी वर्षं कॅम्पसवर उघडपणे फिरू न शकलेली त्याची संघटना याच बिनपक्षी गर्दीत मिसळून वाढली होती. पक्ष नको म्हणणाऱ्या व्यासपीठाला दारावर नाव विचारता येत नाही, आणि शिस्तबद्ध संघटनेला तेवढं पुरतं.

दरम्यान समन्वयकांतले काही हसीनांनंतर आलेल्या अंतरिम सरकारात सल्लागार झाले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी राष्ट्रीय नागरिक पक्ष निघाला: नाहिद निमंत्रक, अख्तर सदस्य सचिव. त्याच्या दोन दिवस आधी मधुर कँटीनमध्ये त्यांच्या कॅम्पसवरच्या मित्रांनी नवी विद्यार्थी संघटना जाहीर केली, तेव्हा पदांवरून तिथेच हाणामारी झाली. ज्या मधुसूदन डे यांच्या नावाने ते कँटीन आहे त्यांना १९७१ च्या मार्चमध्ये पाकिस्तानी सैन्याने मारलं होतं. 

९ सप्टेंबर २०२५ ला डाकसूचं मतदान झालं. या वेळी हॉलमध्ये एकही केंद्र नव्हतं. आठ केंद्रं, सगळी हॉलबाहेर. २०१९ मध्ये फेटाळलेली मागणी आता कुणाला वादाचीही वाटली नाही. एकूण २८ जागा, ४० हजारांच्या आसपास मतदार, आणि त्यांतले तीन चतुर्थांशाहून जास्त मतदानाला आले. शिबिराने उभ्या केलेल्या ‘ऐक्यबद्ध शिक्षार्थी जोट’ने २३ जागा जिंकल्या. सादिक कायेम १४,०४२ मतांनी व्हीपी झाला, छात्र दलाचे आबिदुल इस्लाम खान ५,७०८ वर राहिले. समन्वयकांच्या नव्या संघटनेचा अब्दुल कादेर जेमतेम अकराशे मतांवर थांबला. आंदोलनाची प्रवक्ता राहिलेली आणि नंतर त्यातून बाहेर पडून स्वतंत्र आघाडी घेऊन उभी राहिलेली उमामा फातेमा हिला तीन हजारांवर मतं मिळाली, शमीम हुसेन या एकट्याने लढलेल्या उमेदवाराला तिच्याहून थोडी जास्त.

सचिवांच्या तीन जागा मात्र स्वतंत्र उमेदवारांनी घेतल्या. त्यांतली एक समाजसेवा सचिवाची. दुसरी साहित्य आणि संस्कृतीची. तिसऱ्या जागेवर, संशोधन आणि प्रकाशनाच्या, सानजिदा अहमद तन्वी निवडून आली. १५ जुलै २०२४ च्या हल्ल्यात रक्तबंबाळ झालेल्या ज्या मुलीचं छायाचित्र देशभर गेलं होतं ती हीच. तिच्या सन्मानार्थ छात्र दलाने त्या पदासाठी आपला उमेदवार दिला नव्हता.